भिंत आधी, वासे नंतर : आमची वाटचाल

घराला पडवी जोडायची म्हटलं की घरमालक आधी कौलांचा रंग विचारतात आणि आम्ही आधी भिंतीचा गिलावा दोन-तीन ठिकाणी खरवडायची परवानगी मागतो. आमचा सगळा धंदा या परवानगीवर उभा राहिला आहे.

सुरुवात आप्पांपासून, म्हणजे माझ्या वडिलांपासून. जुन्या नाशकातल्या वाड्यांच्या लाकूडकामाची दुरुस्ती हे त्यांचं काम. तुळई बदलायची, कडीपाट उतरवून पुन्हा बसवायचा, कुजलेल्या वाशाला जोड द्यायचा. वाड्यात छपराचं ओझं सागवानी खांबांवर आणि खांब दगडी तळखड्यांवर. त्यामुळे मधली भिंत फुगली तरी छप्पर जागचं हलत नसे. मी कामात उतरलो तोवर वाडे एकेक करून पडत चालले होते आणि मागणी येत होती सिडकोतून, इंदिरानगरातून, गंगापूर रोडच्या बंगल्यांतून. कुणाला मागच्या दारी धुणंभांड्याची जागा हवी, कुणाला पुढे बसायला पडवी. इथे लाकडी सांगाडा नव्हताच. होती ती नऊ इंची विटांची भिंत. वाशाचं खालचं टोक खांबांवरच्या तुळईवर आणि वरचं टोक या भिंतीशी. ते वरचं टोक नीट धरून ठेवणं, हेच आमचं काम झालं.

ओझं किती असतं ते सांगतो. मंगळुरी कौल दोन-अडीच किलोचं, चौरस मीटरला साधारण पंधरा लागतात. बारा बाय दहा फुटांच्या पडवीवर नुसत्या कौलांचं वजन चारशे किलोच्या आसपास जातं, पावसात भिजल्यावर आणखी. त्यातलं निम्मं भिंतीवर येतं. हे निम्मं ओझं पेलायला भिंतीवर एक आडवं लाकूड बोल्टनी आवळतात आणि वासे त्यावर टेकवतात. दुरुस्तीला आलेल्या बहुतेक पडव्यांमध्ये हे लाकूड साध्या फास्टनरवर लटकलेलं दिसे. फास्टनर भोकात फुगून धरतो. काँक्रीटमध्ये ते ठीक. पण विटेच्या कडेजवळ तो आवळला की वीट तडकते, आणि सांध्यातल्या चुन्या-मातीत तर त्याला धरायला काही मिळतच नाही.

म्हणून आम्ही रासायनिक अँकरकडे वळलो, म्हणजे भोकात रेझिन हा चिकट द्रव भरून त्यात सळी बसवायची. भोक विटेच्या मध्यावर, सांध्यात नाही. बारा मिलिमीटरच्या आट्याच्या सळीला चौदाचं भोक. मग हवा, ब्रश, पुन्हा हवा. भोकात विटेची पूड राहिली तर रेझिन पुडीला चिकटतं, विटेला नाही, आणि वरून काही कळत नाही. ही पायरी आमच्याकडे कुणीही घाईत उरकत नाही. रेझिन पुरतं घट्ट होईपर्यंत नटाला हात लावायचा नाही. बोल्ट एका रेषेत न घेता खाली-वर घेतो, म्हणजे लाकूड एकाच शिरेवर चिरत नाही. लाकूड आणि भिंत यांच्यामध्ये डांबरी फेल्टची पट्टी घालतो, कारण वीट ओल ओढते आणि सागाशिवायचं लाकूड ती ओल फार वर्षं सोसत नाही.

गिलावा खरवडल्यावर वीट भुसभुशीत निघाली, तर दोनच वाटा. बोल्ट आरपार नेऊन पलीकडे लोखंडी प्लेट द्यायची, नाहीतर भिंतीला हातच न लावता तिच्यालगत स्वतंत्र खांब उभे करायचे. दुसरी वाट आप्पांची, वाड्यांतून आलेली. खर्च वाढतो, जागा थोडी जाते, काही गिऱ्हाइकं इथेच आम्हाला सोडून जातात. तरी अशा भिंतीवर छप्पर टांगायला आम्ही ठाम नकार देतो; त्या छपराखाली पोरं खेळणार असतात.

नाशकात आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते, काळी माती. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. घराचा पाया जुना, बसलेला. पडवीचे खांब नवे. खांबांचा पाया मुरमापर्यंत नेला नाही तर पडवी घरापासून सुटू लागते आणि त्याचा सगळा ताण त्या बोल्टांवर येतो. तिथे आम्ही खोदाईत काटकसर करू देत नाही.

कौलं जिथे भिंतीला भिडतात तिथे विटेत इंचभर खोल खाच मारून पत्र्याची पट्टी आत घालतो आणि ती कौलांवर उतरवतो. नुसत्या सिमेंटच्या गोळ्याला पहिल्या उन्हाळ्यातच चीर जाते. शहरात हे निभावून नेता येईलही. त्र्यंबक, इगतपुरीकडच्या पावसात अजिबात नाही. वैशाखातल्या वळवाच्या वाऱ्यासाठी प्रत्येक वासा लोखंडी पट्टीने खाली बांधलेला असतो. वारा छप्पर दाबतो तसा उचलतोही.

आज आमच्याकडे सुतार आहेत, गवंडी आहेत, आणि दोन्ही कामं जाणणारी तरुण मुलं तयार होताहेत याचा मला सर्वांत जास्त आनंद आहे, कारण लाकूड आणि भिंतीचा हा सांधा नेमका दोन कारागिरांच्या मध्ये पडतो. सध्या 2027 च्या सिंहस्थासाठी घर वाढवणाऱ्यांचे फोन येताहेत. मागचा, 2015 चा सिंहस्थ आठवा, नाशकातली शाही स्नानं 29 ऑगस्ट, 13 आणि 18 सप्टेंबरला होती, म्हणजे भर पावसाळ्यात. पाहुणे येतील तेव्हा छप्पर भिजत असणार. ज्यांना पडवी हवी आहे त्यांनी भिंत आत्ता, कोरडी असताना दाखवावी. महापालिकेच्या परवानगीचे कागदही तोवर हाती येतील.