सासूबाईंनी ऐकलं म्हणून

"रात्री हिच्या छातीतली टिकटिक ऐकू येईना, म्हणून घेऊन आले," असं सांगत एक सासूबाई सुनेला धरून आमच्या हृदयरोग विभागात आल्या. त्याआधी दुसरीकडे खोकल्याचं औषध देऊन त्यांची बोळवण झाली होती.

सून पस्तिशीची, विडी घरकुलात, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीत राहणारी, विड्या वळणारी. काही वर्षांपूर्वी सरकारी योजनेतून तिचा मायट्रल व्हॉल्व्ह, म्हणजे हृदयाच्या डाव्या दोन कप्प्यांमधली झडप, बदलला होता. दुखणं मूळचं लहानपणचं. घसा धरायचा, मग ताप यायचा, सांधे सुजायचे. त्या तापानं व्हॉल्व्ह चिकटत गेला. चांगला व्हॉल्व्ह उघडला की रक्ताला ४ ते ६ चौरस सेंटीमीटर वाट मिळते, हिला जेमतेम १ उरली होती. त्या जागी दोन पाकळ्यांचा कृत्रिम, मेकॅनिकल व्हॉल्व्ह बसवला. त्याच्या पाकळ्या मिटताना टिकटिक ऐकू येते. तो टिकतो वर्षानुवर्षं, पण त्यावर रक्त गोठू नये म्हणून अॅसिट्रोम ही रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर घ्यावी लागते आणि रक्ताचा आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचं माप) अडीच ते साडेतीनच्या दरम्यान ठेवावा लागतो.

तिचा आला १.१, म्हणजे गोळी न घेणाऱ्याइतकाच.

बसल्या जागी धाप, आडवं होता येईना. कॅथलॅबमध्ये, म्हणजे हृदय एक्स-रेवर हलताना बघायच्या खोलीत, पडद्यावर एक पाकळी उघडझाप करत होती, दुसरी जागची हलत नव्हती. गुठळीनं अडकली होती. पुन्हा ऑपरेशन किंवा गुठळी विरघळवणारं औषध, असे दोनच मार्ग. डॉक्टरांनी नातेवाइकांशी बोलून औषध सुरू केलं: स्ट्रेप्टोकायनेज, पहिल्या अर्ध्या तासात अडीच लाख युनिट, नंतर दर तासाला एक लाख. ज्या जातकुळीच्या जंतूंनी लहानपणी तिचा घसा धरला आणि त्यातून व्हॉल्व्ह बिघडला, त्याच जातकुळीच्या जंतूंपासून हे औषध बनतं. मला याचं दर वेळी नवल वाटतं.

रात्रपाळीला नर्स मी होते. गुठळीचा तुकडा सुटून मेंदूत गेला तर पॅरालिसिस, औषध जास्त लागू पडलं तर रक्तस्राव. म्हणून दर थोड्या वेळानं तिला उठवायचं, नाव विचारायचं, डोळ्यांच्या बाहुल्या बघायच्या. मराठी तिला छान येतं, पण झोपेत ती तेलुगूच बोलायची, म्हणून मीही म्हणायची, "अक्का, चेतुलु एत्तंडि." दोन्ही हात वर यायचे आणि सारख्या उंचीला थांबायचे. एकदा उजवा हात येईना. माझ्या पोटात गोळा आला. बघते तर सलाइनची नळी ओढली जाईल म्हणून तीच हात जपत होती. दात घासताना येतं तेवढं हिरड्यांतून रक्त आलं, बाकी काही नाही. पहाटेकडे धाप उतरली आणि दोन उशांवर तिला झोप लागली. सकाळच्या इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, व्हॉल्व्हवरचा दाब उतरला होता आणि पडद्यावर दोन्ही पाकळ्या हलत होत्या.

गोळी का सुटली ते नंतर कळलं. दाढ काढायची म्हणून कुणीतरी ती पाच दिवस बंद ठेवायला सांगितली होती. पुन्हा कधी सुरू करायची ते कुणीच सांगितलं नाही. (आयएनआर बघून, गोळी चालू ठेवूनही दाढ बहुतेक वेळा काढता येते.) आणि रक्त तपासायला ती बरेच महिने आलीच नव्हती. "सिस्टर, तपासणीला आले की त्या दिवशीची हजार विडी बुडते," ती म्हणाली. तिला निष्काळजी म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. ऑपरेशन फुकट झालं, पण बुडालेल्या मजुरीचं कोण बघतं? ऑपरेशन यशस्वी झाल्याची नोंद डिस्चार्जच्या दिवशी होते. व्हॉल्व्ह मात्र तपासणीच्या हजेरीवर चालतो.

तिची तपासणी आता आम्ही कारखान्याच्या सुट्टीच्या दिवशी ठेवली आहे. पालेभाजीनं गोळीचा परिणाम कमी होतो; ती सोडू नका, पण एका आठवड्यात रोज आणि दुसऱ्यात अजिबात नाही असं करू नका. अंगदुखीची गोळी दुकानातून परस्पर घेऊ नका. दिवस राहावेत असं वाटलं तर आधी आम्हाला सांगा, कारण ही गोळी पोटातल्या बाळाला बाधते, हे सगळं सासूबाईंनाही बसवून सांगितलं.

घरी सोडायच्या दिवशी त्यांच्याबरोबर आठ वर्षांची नात आली होती. अंगात ताप होता आणि थुंकी गिळताना ती तोंड वाकडं करत होती. मी तिला तशीच डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी घसा पाहिला, छाती ऐकली आणि दहा दिवसांचं पेनिसिलिन लिहून दिलं. "ताप दोन दिवसांत उतरेल," मी सासूबाईंना म्हणाले, "तरी दहाच्या दहा दिवस द्यायचं." त्यांनी चिठ्ठी घडी घालून कमरेच्या पिशवीत ठेवली आणि विचारलं, "आणि हिचं हृदय कधी दाखवायला आणू?"