दाखला आधी काढू नका

"ताई, कॉलेज बदलायचंय. आधी दाखला काढू का?" जून उजाडला की सोलापूरकडून कुणाचा ना कुणाचा असा फोन येतोच. २०१६ साली मीही असाच आधी कॉलेज सोडल्याचा दाखला, म्हणजे टीसी, काढून बसले होते. उत्तर द्यायचा माझा अधिकार तेवढाच.

मला सायकॉलॉजी स्पेशल, म्हणजे पदवीचा मुख्य विषय म्हणून, घ्यायचं होतं. आमच्या कॉलेजात तो विषय फक्त एफ. वाय.ला होता, पुढे नाही. निकाल लागला, पुण्याला जायचं ठरलं आणि मी उत्साहाच्या भरात ऑफिसात टीसीचा अर्ज दिला. क्लार्कनी एकदाच विचारलं, "तिकडं सीट मिळाली का गं?" मी म्हटलं, "मिळंल की." दुसऱ्या दिवशी दाखला हातात. एरवी बोनाफाइडला आठवडा लावणारं ऑफिस!

पुण्यातल्या कॉलेजात गेले, तर तिथे सांगितलं, आधी आमची एफ. वाय.ची मुलं एस. वाय.ला प्रवेश घेतील, त्यातून जागा उरल्या तर बघू. बरोबरच होतं त्यांचं. बाहेरच्या मुलांना मधल्या वर्षात मिळतात त्या उरलेल्या जागा, आणि त्या किती हे ऑफिसलाही आधी माहीत नसतं. इकडे परत आले, तर दाखला दिल्यामुळे माझं नाव कमी झालेलं. तीन आठवडे मी कुठल्याच कॉलेजची विद्यार्थिनी नव्हते. आई शेजारच्या काकूंना "सुट्टी चाललीय" म्हणून सांगायची.

त्या तीन आठवड्यांत हुतात्मा एक्सप्रेसनं सकाळी पुणे, संध्याकाळी परत, असं चार वेळा केलं. पहिल्या खेपेला सोबत फक्त मार्कशीट. दुसऱ्या खेपेला कळलं की सिलॅबसही लागतो, कॉलेजच्या सही-शिक्क्याचा. मी शिकलेलं सायकॉलॉजी आणि त्यांचं सायकॉलॉजी जुळतं का, हे त्यांना पेपर-पेपर लावून बघायचं होतं. नाव एकच असलं तरी आतला अभ्यासक्रम वेगळा असू शकतो. स्पेशलला घ्यायचा विषय एफ. वाय.ला झालेला असणं, ही तर पहिली अट. माझा झाला होता म्हणून निभावलं. एटीकेटी, म्हणजे राहिलेला विषय, नव्हती, हे दुसरं नशीब.

विद्यापीठ बदललं की काम दुप्पट होतं. विद्यापीठ तेच असेल तर दाखला, ना-हरकत आणि विद्यापीठाची परवानगी यांवर भागतं. माझं सोलापूर विद्यापीठ, म्हणजे आताचं पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ, फक्त सोलापूर जिल्ह्यापुरतं. जिल्ह्याबाहेर पाऊल टाकलं की मायग्रेशन, म्हणजे विद्यापीठ सोडल्याचं प्रमाणपत्र, आलंच. दाखला कॉलेज देतं, मायग्रेशन विद्यापीठ. त्यासाठी केगावला, विद्यापीठाच्या ऑफिसात जायचं, चलन भरायचं, थांबायचं. मग नव्या विद्यापीठाची एलिजिबिलिटी, म्हणजे तुम्ही प्रवेशाला पात्र आहात अशी त्यांची मान्यता. प्रवेश मिळाला म्हणजे सगळं झालं असं मला वाटलेलं. एलिजिबिलिटीच्या खिडकीवरच्या बाईंनी दिवाळीनंतर तो गैरसमज दूर केला.

हल्ली मुलं म्हणतात, "आता एबीसी आहे ना, क्रेडिट आपोआप जातात." एबीसी म्हणजे अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स, पास झालेल्या विषयांची क्रेडिट जमा ठेवणारं ऑनलाइन खातं. ते २०२१ पासून आहे, चांगली सोय आहे, क्रेडिट साधारण सात वर्षं टिकतात. पण बँकेत पैसे असले म्हणून गाडीत जागा मिळत नाही. जागा कॉलेजलाच विचारावी लागते आणि कुठली क्रेडिट धरायची तेही तेच ठरवतात.

तेव्हा आधी नवीन कॉलेजला जा. फोन नको, समक्ष जा. मार्कशीट आणि सिलॅबस दाखवा, जागेचं काय ते विचारा आणि "प्रवेश देऊ" असं कागदावर घ्या, निदान ईमेलवर तरी. तो कागद आला की जुन्या कॉलेजात दाखल्याचा अर्ज. मूळ कागदपत्रं कुणी ठेवून घेऊ लागलं तर यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०१८च्या सूचनेचं नाव काढा; तपासून परत द्यायची असतात ती. आणि हॉस्टेलची चौकशी त्याच खेपेत उरका, मी नव्हती केली. पहिले दोन महिने मावशीच्या हॉलमध्ये काढले, तिच्या शिवणयंत्राशेजारी.

परवा बार्शीहून एका मुलीचा फोन आला. हे सगळं सांगत होते, ती "हो ताई, हो ताई" करत होती. शेवटी म्हणाली, "पण मी तर कालच काढला दाखला."

मी म्हटलं, "बरं. आधी त्याच्या पाच झेरॉक्स काढ."