तुम्ही विचारलंत म्हणून: सरकार बोअर बंद का करत नाही?

पुण्याला नातेवाइकांकडं गेलो की कोणी ना कोणी विचारतंच, तुमच्या अमरावती जिल्ह्यातल्या वरूड-मोर्शीकडं, संत्र्याच्या पट्ट्यात, पाणी एवढं खोल गेलंय तर सरकार सरळ बोअर बंद का करत नाही? दर वेळी दोन वाक्यांत काहीतरी सांगतो आणि मग मनाला चुटपुट लागून राहते, म्हणून आज नीट लिहितो.

कायदा आहे हो. 1993 पासून सार्वजनिक पिण्याच्या विहिरीच्या 500 मीटरच्या आत नवी विहीर खोदायला बंदी आहे, आणि 2009 चा भूजल कायदा, जो लागू व्हायला 2014 उजाडलं, तो म्हणतो शेतीसाठी 60 मीटरच्या खाली जायचं नाही. 60 मीटर म्हणजे जेमतेम 200 फूट. आमच्याकडं 200 फुटाला बोअरची गाडी थांबतसुद्धा नाही.

2019 च्या उन्हाळ्यात आमचे दोन बोअर आटले. बाबांनी जमिनीत पाणी कुठं लागेल ते सांगणारा पाणाड्या आणला, त्याच्या तळहातावर नारळ उभा राहिला आणि रात्री गाडी लागली. 400 फुटांपर्यंत नुसता पांढरा फुफाटा, अंगावर, झाडांवर, डोळ्यांत, 620 ला जरा ओलसर चिखल आला तर बाबा म्हणाले अजून शंभर मार. त्या रात्री कोणी कायद्याचा कागद पुढं धरला असता तर बाबांनी तो हातात घेतला नसता, कारण अठरा वर्षांची संत्र्याची झाडं डोळ्यांदेखत उभी वाळत होती. बंदीचं नाव निघालं की मला हीच रात्र आठवते. हे लोक चोर नाहीत, घाबरलेले आहेत.

त्याच वर्षी डिसेंबरात केंद्राची अटल भूजल योजना आली, सात राज्यांत, आपल्याकडं 13 जिल्ह्यांत, अमरावतीसह. गावात पर्जन्यमापक आला, पातळी मोजायचं यंत्र आलं. लांब फीत असते, विहिरीत सोडत जायची, टोक पाण्याला टेकलं की पीं वाजतं. पहिल्यांदा वाजलं तेव्हा शेजारचे काका म्हणाले, परत टाक, एवढं खाली नसेल. परत टाकलं, तेवढंच. मग आम्ही गावाचा ताळेबंद मांडला, 1 मिमी पाऊस 1 हेक्टरवर म्हणजे 10 हजार लिटर, त्यातलं वाहून किती गेलं, मुरलं किती, आणि बागा किती पितात. आमच्या काळ्या दगडाच्या पोटात जागाच कमी, त्यामुळं मुरण्याचा आकडा बघून सगळे गप्प झाले. माझ्या मते योजनेतलं सगळ्यात मोलाचं काम हेच, बंधारे वगैरे त्यानंतर.

पण एका हातानं मोजायचं आणि दुसऱ्या हातानं सोडायचं असं चाललंय. 2024 पासून साडेसात एचपीपर्यंतच्या पंपाला वीजबिल माफ आहे. माफीला माझा विरोध नाही, शेतकऱ्याला ती हवीच होती. पण आमच्याकडं वीज रात्री येते, सगळे ऑटो लावून झोपतात, लाइन आली की पंप आपोआप सुरू, सकाळी बघावं तर पाणी बांध फोडून नाल्यात. ताळेबंद करणारा विभाग वेगळा, वीज देणारा वेगळा, आणि दोघं एका टेबलावर बसलेले मी अजून पाहिलेले नाहीत.

नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजार गावाचं उदाहरण लोक देतात. बरोबर आहे, तिथं शेतीला बोअर नाही आणि दरवर्षी पाणी मोजून ग्रामसभा पिकं ठरवते. पण ते गावानं स्वतः ठरवलंय आणि वर्षानुवर्षं पाळलंय. आमच्या एका नाल्यावर चार गावं आहेत, खालची भेग कोणत्या गावची ते दगडाला माहीत नसतं, म्हणून आराखडा एकेका ग्रामपंचायतीचा न करता नाल्याचा करा, हे मी प्रत्येक बैठकीत बोलतो. लिहून घेतात.

यंदा मी अर्धी बाग मृग बहारावर, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीच्या फुलांवर घ्यायचं म्हणतोय, आंबिया, म्हणजे हिवाळ्याच्या शेवटी फुलणारा बहार, सोडला की उन्हाळ्याचं पाणी वाचतं. बाबांना पटत नाही, जूनमध्ये पाऊस लांबला तर काय करशील म्हणतात, आणि त्यांचंही खोटं नाही. शेजारचे काका मात्र काल फीत मागायला आले होते, त्यांच्या विहिरीत त्यांना स्वतःच्या हातानं टाकून बघायची आहे.