आधी तांदळाचं धुवण, मग कोरा चहा

गुरुवार, रात्री

माशांची पेटी भरून आज पाच दिवस झाले आणि पाणी तांदळाच्या धुवणासारखं दिसतंय. मागे लावलेला निळा कागदसुद्धा धड दिसत नाही.

शनिवारी भरली तेव्हाही पाणी गढूळच होतं, पण तो वाळूचा धुरळा. वाळू तीनच पाण्यांनी धुतली होती मी (कंटाळा, दुसरं काय). रविवारी रात्रीपर्यंत तो खाली बसला आणि सोमवारी पाणी इतकं लखलखीत की पेटी रिकामी आहे असं वाटावं. दुकानदार म्हणालाच होता, "मॅडम, पाणी भरा, दुसऱ्या दिवशी मासे सोडा, काही होत नाही." मी तर दोन दिवस थांबले होते! संध्याकाळी पाच गप्पी सोडले. मंगळवारी रात्री पाण्यावर पांढुरकी झाक आली, आणि काल सकाळी मी करू नये ते सगळं एका दमात केलं. पाणी उपसलं, गोटे घासले, फिल्टरचा स्पंज नळाखाली धरून पार पांढरा होईपर्यंत पिळला आणि पुन्हा नळाचंच पाणी भरलं. त्यात क्लोरीन मारणाऱ्या अँटिक्लोरचे थेंब घातले, तेवढी एक अक्कल शाबूत होती. रात्री पाणी छान दिसलं. आज पुन्हा धुवण, तेही आधीपेक्षा दाट. एक गप्पी गेला.

शेजारच्या काकू डोकावून म्हणाल्या, "तुरटी फिरव गं दोनदा. गावाला पावसाळ्यात हंड्यात आम्ही तेच करायचो." माझी आजी माठाला आतून निवळीची बी उगाळायची, ते आठवलं. म्हणून बाबांच्या दाढीच्या डब्यातून तुरटीचा खडा घेऊन आले, तर बाबा खुर्चीतून उठलेच. बाबांची उभी नोकरी नगरपालिकेच्या जलशुद्धीकरण केंद्रात गेली. त्या माणसाने आयुष्यभर पोत्यांनी तुरटी पाण्यात घातली आहे. मला वाटलं, प्रमाण सांगतील.

"ठेव तो खडा. तुरटीनं पाण्याचा सामू, म्हणजे पीएच, उतरतो, मासे मरतील. आणि निवळवायला ती माती आहे का? माती असती तर खाली बसली असती. ही बसत नाही, उलट वाढतेय. म्हणजे जिवंत आहे."

मग त्यांनी आजचा पेपर पेटीच्या मागे धरला आणि पुढून बघायला मला सांगितलं. मथळा दिसेना. "शून्य," असं म्हणून ते पुन्हा खुर्चीत बसले.

शनिवार

बाबांचं बरोबर निघालं. ते पांढरं म्हणजे जिवाणू आहेत. उरलेलं खाणं आणि माशांची घाण यांवर ते बेसुमार वाढतात आणि पाण्यातच तरंगतात. दिसायला वाईट, पण मारणारे ते नव्हेत. मारतो तो अमोनिया. आणि अमोनिया खाणारे जिवाणू निराळेच, फार सावकाश वाढणारे. ते पाण्यात तरंगत नाहीत, स्पंजला आणि वाळूला धरून बसतात. एक जात अमोनियाचं नायट्राइट करते, तेही विषारीच. दुसरी जात त्याचं नायट्रेट करते, ते माशांना बरंच सोसतं. ही घडी बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. जी काही दोन-चार दिवसांची वस्ती झाली असेल, ती मी बुधवारी क्लोरीनच्या पाण्याने पिळून टाकली. स्पंज धुवायचाच असेल तर पेटीतूनच काढलेल्या पाण्यात खळबळायचा, नळाखाली नाही.

हे बाबांना वाचून दाखवलं, तर त्यांना काहीच नवल वाटलं नाही. त्यांच्याकडे जुनी, संथ वाळूची गाळणी होती. त्या वाळूवर चिकट साय धरायची आणि पाणी खरं स्वच्छ करायची ती सायच. "एखादा नवा माणूस उत्साहानं यायचा, ती घाण समजून खरवडून टाकायचा. मग पुन्हा धरेपर्यंत ते पाणी गावाला देता यायचं नाही." 'नवा माणूस' म्हणताना माझ्याकडे बघायची गरज नव्हती.

दोन दिवस खाणं बंद. एअरपंप रात्रंदिवस चालू, कारण हे तरंगणारे जिवाणू पाण्यातला प्राणवायूही खातात. एक दिवसाआड पाव पेटी पाणी बदलायचं. त्यासाठी दोन बादल्या आदल्या रात्रीपासून भरून उघड्या ठेवल्या आहेत, क्लोरीन उडून जावा म्हणून. पावसाळ्यात क्लोरीनचा डोस वाढवतात, हे बाबांनी दोनदा सांगितलं. तपासणीच्या बाटल्या आणल्या. अमोनिया १ पीपीएम, म्हणजे वाईट. दुपारी दुसरा गप्पी गेला. उरले तीन.

बुधवार

पाणी निवळलं! काही न घालता. अमोनिया ०.२५. पेपरचा मथळा वाचता आला, पोटमथळाही.

रविवार

आणि आज पाणी तपकिरी. अगदी कोऱ्या चहाचा रंग.

माझा हात सवयीने मगाकडे गेला होता. बाबांनी त्याआधीच पेल्यात पाणी घेऊन धुतलेल्या पंचाच्या चौपदरी घडीतून गाळलं आणि पेला पांढऱ्या बशीवर ठेवला. गाळूनही रंग तसाच. "गढूळपणा वेगळा, रंग वेगळा. रजिस्टरला दोन निराळे रकाने असायचे. हा विरघळलेला आहे. पेटीत काय टाकलंयस?"

लाकूड! ते वाकडंतिकडं ड्रिफ्टवूड मी एकच रात्र भिजवलं होतं. त्यातलं टॅनिन सुटतंय, रंग त्याचाच. सामू किंचित उतरतो, बाकी माशांना त्रास नाही. फायटर मासे पाळणारे तर याच रंगासाठी देशी बदामाची वाळकी पानं मुद्दाम घालतात. ब्राझीलमधल्या रिओ नेग्रोचं, म्हणजे काळ्या नदीचं पाणीही सडलेल्या पानांमुळेच असं काळपट असतं आणि कार्डिनल टेट्रा मासे तिथलेच. नकोच असेल रंग, तर लाकूड उकळून घ्यायचं किंवा फिल्टरमध्ये ॲक्टिव्हेटेड कार्बनची पिशवी ठेवायची. उकळायला लाकूड मावेल असं पातेलं घरात एकच, दिवाळीच्या चिवड्याचं. ते मी देणार नाही.

संध्याकाळी बाबांनी पेपर मागे लावला तो चिकटपट्टीनेच, आणि खुर्ची पेटीसमोर ओढून घेतली. तपकिरी पाण्यातून निधनवार्ता वाचत होते, बारीक टाइपातल्या. मध्येच हाक आली, "अगं, ह्या गप्पीला जरा बाजूला हो म्हणावं, वय वाचता येत नाहीये."