ओळखीचे पान, अनोळखी जमीन

रविवार, रात्र

स्थलांतरित कुटुंबांच्या आहाराविषयीची जुनी टिपणे आज पुन्हा चाळली. न्याहारी सहसा लवकर बदलते, कारण ती कामाच्या आणि शाळेच्या वेळेला बांधलेली असते. सणाचे जेवण मात्र पुष्कळ काळ टिकते. यात नवल नाही. मला अडवून ठेवले ते रानातून खुडून आणलेल्या खाद्याने.

घोळ किंवा राजगिऱ्याच्या जाती जगाच्या कितीतरी भागांत रस्त्याकडेला उगवतात, म्हणजे निव्वळ न मिळण्यामुळे रानभाजी सुटते असे म्हणता येत नाही. ती सुटते, कारण नव्या जागी जमीन कोणाची, तिच्यावर काय फवारले आहे, याची खात्री कोणीच देत नाही आणि निवडत बसायला वेळही उरत नाही.

अळिंबीचे उदाहरण याहून बोलके आहे. (काटेकोरपणे ती वनस्पती नव्हे; खुडणाऱ्याच्या लेखी मात्र ती रानभाजीच.) २०१५ च्या शरद ऋतूत जर्मनीत आलेल्या अनेक निर्वासितांना ‘डेथ कॅप’ या अळिंबीची विषबाधा झाली आणि हानोव्हरच्या वैद्यकीय विद्यापीठाने अनेक भाषांत इशारापत्रके काढली. कॅलिफोर्निया आणि ऑस्ट्रेलियातही आग्नेय आशियातून आलेल्या लोकांनी तिला भाताच्या पेंढ्यावर वाढणारी खाद्य अळिंबी समजून खाल्ल्याच्या नोंदी आहेत. कोवळेपणी दोन्ही अंड्यासारख्या दिसतात. हे विष शिजवूनही जात नाही आणि लक्षणे दिसायला कित्येक तास लागत असल्याने तोवर यकृताला इजा सुरू झालेली असते. अशा घटनांना अज्ञान म्हणणे मला अन्यायाचे वाटते. त्या माणसांना अळिंबी चांगली ओळखता येत होती, फक्त ती ओळख जिथे घडली तिथे हे विषारी सोंग उगवत नव्हते.

म्हणून परक्या मुलखात खुडणे थांबवणारी आजी परंपरा विसरली असे मी मानणार नाही. ती शहाणपणाने वागते. अडचण पुढच्या पिढीची आहे. कोणते पान कोवळे, अळू घशाला खाजू नये म्हणून ते किती शिजवायचे, हे सांगून नव्हे तर सोबत वावरून कळते, आणि खुडणेच थांबल्यावर हा सहवास घडत नाही. परसात किंवा कुंडीत लावलेली भाजी थोडेफार वाचवते, पण ती लावणाऱ्याला ओळखावी लागत नाही. आहाराची पाहणी करणाऱ्यांच्या प्रश्नावलीत ‘काय खाता’ असते. ‘घरात भाजी खुडायला कोणासोबत कोण जाते’ हा प्रश्न माझ्या टिपणांत तरी कुठे सापडला नाही, तो उद्या लिहून ठेवायचा आहे.