सोसू नका, सांगा

चेहऱ्याची सैल त्वचा उष्णतेने घट्ट करणाऱ्या रेडिओफ्रिक्वेन्सी उपचारासाठी येणाऱ्या प्रत्येकीला मी सुरुवातीलाच बजावते : सोसू नका. हँडपीस, म्हणजे मशीनचा हातात धरायचा भाग, चेहऱ्यावर फिरत असताना उष्णता शून्य ते दहामध्ये किती वाटते, ते मला सांगत राहा. आपल्या बायकांना कळ काढायची इतकी सवय असते, की चटका बसला तरी 'चालेल' म्हणतात. इथे ते चालत नाही. मशीनवर दिसतं ते त्वचेच्या पृष्ठभागाचं तापमान, साधारण ४० ते ४२ अंश. आत खोलवर किती तापलंय, याचा अंदाज मला बऱ्याच अंशी त्यांच्या बोलण्यावरूनच येतो. म्हणून या उपचारासाठी गुंगी द्यायला मी तयार नसते.

इथे लेसरसारखा प्रकाश नसतो. सेकंदाला लाखो वेळा दिशा बदलणारा विद्युतप्रवाह त्वचेतून जातो, ऊती त्याला विरोध करतात आणि त्या विरोधातून उष्णता तयार होते. त्वचेच्या रंगाशी त्याचा संबंध नसतो, त्यामुळे सावळ्या त्वचेवर तो लेसरपेक्षा निर्धास्तपणे वापरता येतो. अर्थात भाजलं, तर काळा डाग सावळ्या त्वचेवरच जास्त काळ राहतो. पुन्हा तेच : गरम वाटलं की बोला.

उष्णतेने कोलॅजेनचे, म्हणजे त्वचेला घट्ट ठेवणाऱ्या प्रथिनाचे, काही धागे तिथल्या तिथे आखडतात. खरं काम मात्र नंतर सुरू होतं. ही सौम्य इजा भरून काढताना त्वचा नवीन कोलॅजेन तयार करते आणि त्याला दोन ते सहा महिने लागतात. दुसऱ्या दिवशी आरशात दिसणारा ताण बराचसा सुजेचा असतो. सूज उतरली की 'डॉक्टर, सगळं गेलं हो!' असे फोन येतात. त्या काळजीने मलाही वाईट वाटतं, म्हणून मी आधीच एकाच उजेडात, एकाच कोनातून फोटो काढून ठेवते आणि तीन महिन्यांनी शेजारी ठेवून दाखवते.

हनुवटीखालची त्वचा खूप लोंबत असेल, तर मी नाहीच म्हणते. तिथे शस्त्रक्रियेचाच उपयोग होतो. वांग किंवा डागही याने जात नाहीत.

सुयांमधून हीच ऊर्जा आत सोडणाऱ्या मायक्रोनीडलिंगबद्दल जास्त सावध राहा. मुरुमांच्या खड्ड्यांवर ते छान काम करतं. पण सुई गरजेपेक्षा खोल गेली, तर गालाखालची चरबी वितळून खळगा पडू शकतो आणि तो भरून येईलच असं नाही. सुयांची खोली कोण ठरवणार, प्रत्यक्ष कोण करणार, हे आधी विचारा. मशीनचं नाव नंतर.

पेसमेकर असेल, तर हा उपचार नको. गरोदरपणीही नको. फॉर्मवर हे दोन्ही प्रश्न असतात, तरी मी तोंडी पुन्हा विचारते. घाईत सही करून मोकळं होणारे बरेच असतात.