पांढऱ्याची किटली

ताराबाई पार्कातल्या ज्या रेस्टॉरंटात मी कॅप्टन आहे, तिथं पांढरा रस्सा काचेच्या इवल्याशा ग्लासातून येतो. ६० मिली, वर कसलीशी दोन हिरवी पानं. मेनूत त्याचं नाव 'शॉट', आणि परत मागितला तर ९० रुपये. कोल्हापुरात रश्शाला पैसे! पहिल्या दिवशी आम्ही पोरं एकमेकांची तोंडं बघत होतो. पण शेफ मुंबईचे, मेनू त्यांचा.

आखाडातला शेवटचा रविवार. टेंबलाई देवीला नदीचं नवं पाणी वाहायच्या यात्रा होऊन गल्लीगल्लीत मटण शिजलेलं, तरी श्रावण तोंडावर म्हणून बाहेर तीसेक माणसं ताटकळलेली. सात नंबरवर नातवाच्या पहिल्या पगाराची पार्टी. आजी नऊवारीतल्या, डोक्यावर पदर. ग्लास हातात घेऊन त्यांनी आत डोकावलं.

"औषध हाय व्हय रं ह्ये?"

टेबल हसलं, मीही हसलो. आजींनी एक घोट घेतला आणि ग्लास माझ्यापुढं धरला.

"बाळा, फाटलाय ह्यो."

बघतो तर काचेला बारीक कण चिकटलेले, वर तेलकट पाणी. तांबड्याला कांदा-लसूण चटणीचा तवंग सांभाळून घेतो, पांढऱ्याला लपायला जागा नाही. नारळाचं दूध शेवटी घालायचं आणि मंद आचेवर, उकळी यायच्या आत उतरवायचं, हे माझ्या आईच्या चुलीपुढं बसून मला पाठ झालेलं. आमच्याकडं मात्र गर्दीपायी पातेलं मोठ्या आचेवर खदखदत होतं. त्यातला रस्सा मीच अकरा टेबलांवर पोचवला होता. एकानंही तक्रार केली नव्हती. फोटो मात्र सगळ्यांनी काढले होते.

आत सांगितलं तर शेफ म्हणाले, "मिक्सरला फिरव, कळणार नाही." मी तिथंच उभा राहिलो. भाकरी थापणाऱ्या मावशी पीठ झाडत म्हणाल्या, "मटणाचं अळणी पाणी बाजूला काढल्यालं हाय न्हवं? मग नारळ फोड जा."

खसखस, काजू, पांढरे तीळ, थोडं ओलं खोबरं. वीस मिनिटांत मावशींनी रस्सा उतरवला. पण न्यायचा कशातनं? ग्लासातनं न्यायची मला लाज वाटली. मग स्टाफच्या चहाची किटली घेतली. चहाचा वास जाईस्तोवर तीनदा गरम पाण्यानं धुतली.

आजी काही बोलल्या नाहीत. वाटी पुढं सरकवली. मी ओतला. परत सरकवली. चौथ्या वाटीला शेजारच्या टेबलावरनं हाक आली, "ओ, आम्हाला किटलीतला द्या की!"

किटली चारदा भरली. पातेल्याचा तळ लागला.

रात्री हिशेबाला मॅनेजरनी विचारलं, दुपारनंतर शॉट एवढे कमी कसे? रजिस्टरमध्ये किटलीचा रकानाच नाही. साडेअकरापर्यंत पेन घेऊन बसलो होतो. शेवटी समासात लिहिलं, 'पांढरा – ४ किटल्या, दर नाही', आणि खाली सही केली.